आईनं आणून ठेवलेली हातोडी

उप्सालाच्या बसमध्ये म्हातारी गुनवोर विणत बसली होती. खिडकीबाहेर नोव्हेंबरचा करडा उजेड नदीवर विझत चालला होता. पुढच्या बाकावर पीएच.डी. करणारी दोघं बोलत होती.

“सिग्ने, पगार मार्चपर्यंतच ना? तोवर प्रबंध होईल?”

“नाही होणार.”

“आईच्या शेवटच्या दुखण्यात तिच्यापाशी बसलीस, त्या दिवसांची रजा का नाही घेतलीस? तेवढी पगाराची मुदत वाढली असती, वेडे.”

“रजा घेतली असती, तर तिला कळलं असतं की आता शेवटच आलाय. रोज विचारायची, आज किती पानं झाली? मी म्हणायचे, दोन.”

“आणि खरी किती?”

“एकही नाही, टूवे.”

गुनवोरच्या सुया थांबल्या.

“रजा मागाहूनही मांडता येते,” टूवे म्हणाला. “डॉक्टरांचा दाखला लागेल, एवढंच.”

“मग मी तिच्याशी खोटं बोलले, हे कागदावर येईल.”

“येऊ दे. प्रबंध विद्यापीठाच्या फळीवर खिळ्यानं ठोकतात, तो दिवस तिला बघायचा होता ना?”

“बघायचा? हातोडी आणून ठेवलीये तिनं. म्हणायची, तुझ्या हातून खिळा वाकडाच जाणार, मीच ठोकेन.”

“खिळा मी धरतो. ठोक तू.”

“बोटावर बसली तर?”

“बसू दे.”

बस पुलावर चढली.

“टूवे, दाखला आज मिळेल?”