बोटाचं माप

अमरावतीच्या वाद्यांच्या दुकानात माझ्यापुढे दर्यापूरचे एक शेतकरी होते. बायकोच्या स्टील गिटारीसाठी त्यांना बोटात घालायच्या धातूच्या नख्या हव्या होत्या. त्यांनी दुकानदारापुढे स्वतःचं बोट केलं.

“तुमचं नाही नत्थुजी, काकूचं माप सांगा. सैल झाली तं वाजवताना निसटते.”

“बारीक असतीन बोटं.”

“असतीन?”

“कामाचा हात आहे. जाडही असतीन.”

“लग्नात अंगठी केवढी घेतली होती?”

“ते तिच्या बापानं घेतली.”

“वाजवताना तं पाहलं असन?”

“ते वाजवाले बसली का मी टीव्हीचा आवाज वाढवो.”



“मग त्यायलेच घेऊन या. माप माहीत नव्हतं म्हनून सांगा.”

नत्थुजींनी हातातली नखी काउंटरवर ठेवली.

“ते तिले माहीत आहे.”