काट्याच्या खोलीतला फोन

हॅलो?… हो, काट्याची खोली. बोला ऑपरेटरबाई… वाईचा कॉल? जोडा, जोडा.

हॅलो, बनू?… अगं मीच. इथं मी सोडून फोन उचलायला आहे कोण?

जेवलो… वांगं. काल वांगं, आज वांगं, उद्याचं मला आधीच कळलंय.

भाऊसोंच्या दुकानातूनच बोलतेस ना?… गर्दी आहे? मग तू नुसतं हं म्हण, मी बोलतो. भाऊसो ऐकतायत?… त्यांना माझा नमस्कार सांग. राहू दे, पोचला असेल.

नाही गं, नाही झाला दुरुस्त… काटा. उसाच्या गाड्यांचा, नवा, लाल आकड्यांचा. आकडे थांबतच नाहीत. रिकाम्या काट्यावर शून्य दिसायला पाहिजे ना? तर आठ, मग सतरा, मग उणे अकरा… उणे अकरा किलो म्हणजे काय, ते मला विचारू नकोस. मी जरा बारीक झालोय, ते असेल.

सगळं बघितलं… हो, तेही बघितलं. जोडणीची पेटी उघडली, मुंग्या निघाल्या, त्या काढल्या. अर्थिंगला पाणी घातलं, आंब्याच्या रोपाला घालतात तसं. कारखान्यातलं वेल्डिंग बंद ठेवायला लावलं, तर वेल्डिंगवाले माझ्याशी बोलायचे बंद झाले. आधीही बोलत नव्हते. आता मुद्दाम बोलत नाहीत.

काट्याखाली एक शेळी झोपायची, तिलाही हाकललं… नाही, तिचा काही दोष नव्हता. परत बोलावली. तेवढीच सोबत.

जातो की बाहेर. रविवारी रहिमतपूरच्या बाजारात गेलो होतो. एकजण माझ्याशी बोलला… "सरका" म्हणाला.

गाडीवान काय बोलणार? ज्ञानू म्हणून एक आहे, त्याची एकच गाडी तीनदा काट्यावर घेतली. तीन वेगळी वजनं. म्हणतो, "सायेब, आमी तीनदा आलोय खरं, पर ऊस एकदाच आणलाय." चिडला असता तर बरं वाटलं असतं. गाडी वळवून जुन्या काट्याकडं गेला. आता सगळेच तिकडं जातात.

हो, आजच. वजनमापाचे साहेब चारला येणार. काटा पास झाला तर हंगाम संपला की आमची काट्याची कंपनी मला सांगलीच्या हपिसात घेणार. मग खोली बघू. तू, मी आणि एक स्टोव्ह. नापास झाला तर काटा उपटून नेणार, आणि काट्याबरोबर मलाही…

काय? "होऊ दे नापास, घरी या"?… बनू, भाऊसोंच्या देखत असं बोलू नये… मलाही वाटतं गं. पण येऊन करू काय? आमच्या आबांच्या समोर बसून उणे अकरा दाखवू?

आणि गंमत ऐक. जेवायच्या सुट्टीत हा एकदम शहाणा होतो. शून्य म्हणजे शून्य. गाडी चढली की हंबीररावांचा फोन येतो… अगं ते यार्डाचे मुकादम. "थांबला का आकडा?" मी बघतो, तर उड्या. "नाही थांबला." ते ठेवतात. परत करतात. दिवसभर आमचं हेच…

काय म्हणालीस?

परत बोल… ऐकू आलं गं, पण परत बोल.

थांब. "त्यांना फोन करू नका म्हणावं" असं तू म्हणालीस, तेव्हा आकडा चौदावर गेला. तू थांबलीस, शून्य. आता मी बोलतोय… नऊ, बारा, नऊ. मघाशी तुझी घंटी वाजली तेव्हा दोन क्विंटल दाखवत होता. मला वाटलं, शेळी वर चढली.

आता मी गप्प बसतो. तूही बस. श्वाससुद्धा बेतानं घे.

…

…

शून्य.

कोण?… आहोत, आहोत, ऑपरेटरबाई. बोलतोय. गप्प बसून बोलतोय… हो, वाढवा तीन मिनिटं.

बनू, आता हस… कशाला म्हणजे? तपासणी आहे. भाऊसोंकडं बघ आणि हस… तेवीस! तुझं हसणं तेवीस किलो भरलं… नाही, वीसच असेल. तीन भाऊसोंचे.

सांगतो. आपला धुळा नाही का, वायरमन? दिवाळीत म्हणाला, "सायेब, तुमी लय एकटं असता, खोलीत फोन तरी देतो." बाहेर सगळं काँक्रीट, खणायचं कुठं? मग काट्याची वायर जमिनीखालून ज्या पायपातून येते, त्यातूनच त्यानं फोनची वायर ओढली. काट्याची वायर लय हळवी. शेजारणीचं सगळं बोलणं ऐकत बसते, तुझ्या भाऊसोंसारखी.

नवा पाइप? हंगाम संपल्याशिवाय यार्ड खणू देणार नाहीत.

हो… तोच एक उपाय. फोन काढायचा.

आत्ताच. साहेब निघालेसुद्धा असतील… नाही, नुसता ठेवून भागत नाही, घंटी वाजणारच. तिकडं फोनच्या बोर्डाच्या खोलीतच तोडायला पाहिजे.

थांब हं, तो खिडकीखालूनच चाललाय. धुळा! ए धुळा! बोर्डावर जा रं, माझ्या फोनची वायर सोडव… व्हय, सगळीच. पण लगेच नको. दारात उभा राहा, मी रुमाल हलवला की मग… काय? मी कुनाशी बोलणार? शेळी हाय की. जा.

हां, बनू. पोचला तो. दारातून बघतोय. रुमाल अजून खिशातच आहे.

बोल ना काहीतरी. दुकानात समोर काय काय आहे, ते सांग… हळद. अकरा. पुढं?… काडेपेट्या. तेरा. वजन नाही गं, तुझा आवाज सांगतोय.

मग?

आता का गप्प?… रडतेस?… नाही कसं? इथं दिसतंय मला. सहा… सात. भाऊसोंना नसेल कळलं. सात किलो आहे.

अगं ऐक ना. उन्हाळ्यापर्यंत. तोवर गप्प राहिलो की झालं, मग एका खोलीत राहायचंय. तिथं काटा नसेल. किती बोलायचं तेवढं बोल.

तू ठेवू नकोस. मीही ठेवत नाही. धुळा काय ते करेल.

हलवला रुमाल… त्याला वाटलं, मी नाक पुसतोय. परत हलवतो.

आणि बनू, खोली घेतली की पहिल्यांदा…

हॅलो?

हॅलो, बनू?

शून्य.

हॅलो.

…शून्यच आहे.