राजीखुशीचा कापूस

(फरगाना खोऱ्यातलं एक गाव. सप्टेंबर. अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली सोलिया वळकटी बांधते आहे. तिची सून मफ्तुना, शाळेतली शिक्षिका, बाळाला पाजते आहे.)

सोलिया : रडून काय होणार? ती जाड गोधडी दे इकडे. शेतावरच्या शेडमध्ये फरशीवर झोपायचं असतं, पहाटे गारठा हाडात शिरतो.

मफ्तुना : माझीच चूक आहे, ओयीजान. काल माझी जीभ का नाही झडली!

सोलिया : आता जिभेला कशाला बोल लावतेस?

मफ्तुना : मजुरांची चौकशी करायला आलेली ती जिनिव्हाची बाई बाजारात किती सरळ विचारत होती. दुभाषी मुलगी म्हणाली, तुमच्या सरकारनं जगाला शब्द दिलाय, यापुढं शिक्षकांना नि नर्सना कापूस वेचायला जबरदस्तीनं धाडणार नाही. तुम्हाला कुणी धाडतंय का? आणि मी काय म्हणाले? "आम्ही राजीखुशीनं जातो, कापूस ही आमची शान आहे!" एका दमात. हातातली गाजरंसुद्धा खाली ठेवली नाहीत.

सोलिया : दर हंगामाला शाळेच्या पटांगणात घोकून घेतात. मग तोंडातून दुसरं काय निघणार?

मफ्तुना : पण आता मीच राजी झाले ना! याला दूध कोण पाजणार?

सोलिया : शेळीचं पाजीन. अन्वरलाही माझ्या सासूनं शेळीच्याच दुधावर वाढवला. एवढाच होता तुझा नवरा. थंडी पडल्यावर मी शेतावरून परतले, तर माझ्याकडे येईचना. आजीच्या गळ्याला मिठी मारून बघत राहिला, ही कोण बाई म्हणून.

मफ्तुना : हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

सोलिया : काय बोलायचं? सगळ्याच बायकांचं तसं होतं. ओढणी सावर. फाटक वाजलं.

तुर्सुनबोय : सलाम, मावशी. आत येऊ?

मफ्तुना : हेडमास्तर! ओयीजान, आजच आले हो न्यायला!

सोलिया : या तुर्सुनबोय. सामान बांधून तयार आहे. हा घ्या चहा.

तुर्सुनबोय : पियाली काठोकाठ भरलीत, मावशी. म्हणजे मी घोट घ्यावा नि उठावं?

सोलिया : कळलं ना? मग बरं झालं.

तुर्सुनबोय : पाहुण्याला अर्धी पियाली द्यायची रीत तुमच्याकडूनच शिकलो मी. सकाळपासून दारोदार हिंडतोय, पायांचे तुकडे पडले.

सोलिया : पूर्वी नव्हतं हिंडावं लागत. घंटा दिलीत की सगळे मुकाट बसमध्ये.

तुर्सुनबोय : घंटा बंद झाली आता. राष्ट्रीय रोजगार धोरणाच्या अंमलबजावणीबाबत प्रत्येक कर्मचाऱ्यास त्याच्या निवासस्थानी, स्वतंत्रपणे...

सोलिया : माणसासारखं बोला हो.

तुर्सुनबोय : विचारायला आलोय. मफ्तुना, कापूस वेचायला येणार का?

मफ्तुना : आम्ही राजीखुशीनं जातो, कापूस ही...

तुर्सुनबोय : अगं थांब, थांब! तेच तर निस्तरतोय मी. काल त्या बाईनं बाजारात ज्याला ज्याला विचारलं, त्यानं हेच सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडं नाही. सलगम विकणाऱ्या म्हाताऱ्यानंसुद्धा. त्याला तर कुणी कापसाला बोलावलंही नव्हतं!

सोलिया : काय सांगता!

तुर्सुनबोय : संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, हेडमास्तर, इतकी माणसं एकाच वाक्यात कशी खूश होतात? मला दरदरून घाम फुटला. मग शांतपणे म्हणाली, पुन्हा विचारा. घरी जाऊन, एकेकाला. नाही म्हणेल त्याच्या नोकरीला, पगाराला धक्का लागायचा नाही, आणि आम्ही येऊन बघणार आहोत. जिल्ह्याच्या साहेबांनीही मान डोलावली.

सोलिया : मग प्रश्नच मिटला. ही येणार नाही.

तुर्सुनबोय : सासूच्या तोंडचं चालत नाही, मावशी. तिनं स्वतः सांगायला हवं.

मफ्तुना : कसं सांगू? तुम्ही दोघं वडीलधारे समोर बसलाय.

सोलिया : हे मात्र खरं. या घरात आल्यापासून हिनं मोठ्यांना "नाही" म्हटलेलं नाही. गल्लीभर मिरवते मी.

तुर्सुनबोय : मिरवा आता! मी काय करू?

सोलिया : थांबा. मी पाठ फिरवते. तुम्हीपण फिरा, हेडमास्तर. हं, सूनबाई, बाळाकडे बघ आणि बोल.

मफ्तुना : ना...

तुर्सुनबोय : ऐकू आलं नाही.

मफ्तुना : नाही. मी येणार नाही.

सोलिया : शाब्बास!

मफ्तुना : हेडमास्तर? रागावलात?

तुर्सुनबोय : नाही गं. कानाला सवय नाही. सकाळपासून प्रत्येक "नाही"नंतर वाटतं, आता जिल्ह्यातून फोन वाजेल, कुणीतरी शिव्या देईल. वाजतच नाही.

मफ्तुना : मग आता माझं काय होणार?

तुर्सुनबोय : उद्या पहिला तास, सातवीचा भूगोल.

मफ्तुना : बस्स? एवढंच?

तुर्सुनबोय : एवढंच.

सोलिया : आता आणखी का रडतेस?

मफ्तुना : हे रडणं वेगळं आहे, ओयीजान. पण कापूस कोण वेचणार?

तुर्सुनबोय : मजुरी वाढलीय. कालव्यापलीकडच्या बायका येताहेत. त्यातली गुलसारा तर भांडून गेली, मला पहिली घ्या म्हणून. राजीखुशी म्हणजे काय, ते तिच्याकडे बघून कळलं मला.

सोलिया : ती पियाली द्या इकडे. गार झाला असेल. हं, हा घ्या ताजा.

तुर्सुनबोय : तळाशी घोटभरच? म्हणजे बसू मी?

सोलिया : बसा. खरबूज कापते. आणि हेडमास्तर, मलाही विचारा.

तुर्सुनबोय : तुम्हाला? मावशी, तुम्ही शाळेतून केव्हाच निवृत्त झालात. तुम्हाला कोण नेतंय?

सोलिया : इतकी वर्षं नेलंत, तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. विचारा.

तुर्सुनबोय : बरं. सोलिया मावशी, कापूस वेचायला येणार का?

सोलिया : नाही.

मफ्तुना : ओयीजान, गाठ घट्ट बसलीय. ती वळकटी मी सोडते, द्या.

सोलिया : राहू दे, गाठ माझीच आहे. हेडमास्तर, आणखी एकदा विचारा.