काळ्या तुकड्यातला दुसरा दोष

अध्यक्षस्थानी असलेले संस्थेचे सन्माननीय शेषेरावजी, संरक्षण प्रयोगशाळेतून आवर्जून आलेल्या शास्त्रज्ञ डॉ. सौदामिनीताई, आजचे सत्कारमूर्ती, निवृत्त होत असलेले आपल्या महाविद्यालयाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रेणुकादास सर, पस्तीस वर्षं त्यांचा डबा वेळेवर पाठवणाऱ्या राजश्रीवहिनी, आणि जळकोटच्या उन्हातून येऊन पंख्याखालच्या खुर्च्या आधी धरणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो,

सरांनी काय केलं, असं गावात विचारलं तर लोक सांगतात, ‘विमान बघायचं मशीन केलंय.’ नव्हे! रडारला न दिसणारी विमानं असतात. त्यांच्या अंगावर रडारच्या लहरी पिऊन टाकणारा काळा थर असतो. तो आतून कुठं सुटला, तर आपल्या डोळ्यांना काही कळत नाही, शत्रूला मात्र विमान दिसतं. सरांचा सेन्सर सूक्ष्मलहरी आत सोडतो, परत येतील त्या वाचतो, आणि थर न कापता, न खरवडता सांगतो की इथं आत पोकळी आहे. कशातून केला? मोडक्या डिश अँटेनातून आणि वर्कशॉपमधल्या पितळेतून! टाळ्या आत्ता नकोत, पुढं लागणार आहेत.

तीन महिन्यांपूर्वी या सेन्सरची परीक्षा झाली. ताईंच्या प्रयोगशाळेनं त्या थराचा एक काळा तुकडा आदल्या दिवशी पाठवला होता. आत मुद्दाम किती दोष ठेवले, ते बंद पाकिटात. सेन्सरनं दोन दाखवले. पाकिटात लिहिलं होतं, एक. ताईंनी अहवाल दिला, ‘दोष नसलेल्या जागी दोष दाखवतो.’ त्यांचं काय चुकलं? कागद तेच सांगत होता.

तेव्हापासून सरांनी यंत्र अकरा वेळा उघडलं. काल त्यांनी नोंदवहीत स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘सदोष. भंगारात काढावे.’ उद्या सकाळी भंगारवाला येतोय. परवा वहिनी मला म्हणाल्या, ‘भाऊजी, हे ताटावर बसून भिंतीकडं बघायलेत. चूक माणसाकडून होतेच, हे जरा तुम्ही समजावा.’

वहिनी, चूक माणसाकडूनच झाली. तो माणूस माईक धरून तुमच्यासमोर उभा आहे.

परीक्षेच्या सकाळी सर पाहुण्यांना आणायला नांदेड स्टेशनवर गेले होते. आपल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेचे परिचर बजरंगराव माझ्याकडं आले. ते बघा, मागच्या दाराकडं सरकायलेत. थांबा, बजरंगराव! तर त्या सकाळी ते म्हणाले, ‘सर, मोठी परीक्षा हाय. मशीनपुढं नारळ फोडावा लागतो.’

मी म्हणालो, ‘अहो, मी मराठीचा मास्तर, तीस वर्षं गावोगाव नारळाविरुद्ध बोलतोय!’

‘म्हणून तर तुम्हीच फोडा. तुम्ही फोडला की ती अंधश्रद्धा राहत न्हाई.’

मित्रहो, या युक्तिवादाला तुमच्यापैकी कुणाकडं उत्तर आहे? शिवाय मला खोबरं आवडतं.

फोडायचा कशावर? खाली नव्या टाइल्स. ‘तडा गेला तर प्राचार्य बोलतील,’ असं म्हणत बजरंगरावांनी टेबलाखालून शहाबादी फरशीचा तुकडा ओढला. काळा, हातभर लांब. फरशी जरा हलकी आहे, एवढं मला वाटलं. वाटलं, आणि मी तीन घाव घातले. नारळाची दोन भकलं झाली, फरशीवर ओरखडासुद्धा नाही! ‘शाबादी ती शाबादी,’ म्हणत त्यांनी ती फडक्यानं पुसून ठेवली. दुपारी तीच फरशी ताईंनी परीक्षेचा तुकडा म्हणून अदबीनं टेबलावर मांडली, तेव्हा खोबरं माझ्या तोंडात होतं.

मी तेव्हाच का बोललो नाही? दुसऱ्या दिवशी किनवटला माझं व्याख्यान होतं. विषय, ‘नारळ आणि विवेक’. सत्य सांगा म्हणून घसा ताणणारा मी, स्वतःची अब्रू सांभाळत तीन महिने गप्प बसलो! त्या दिवशी सगळ्या महाविद्यालयात खरं सांगणारं एक यंत्रच होतं, आणि आपण त्यालाच भंगारात घालतोय?

अध्यक्ष महोदय, चिठ्ठी मिळाली, वेळ संपल्याचं ठाऊक आहे.

ताई, आपण काही विचारलंत? नारळ कुठं आपटला? डाव्या कोपऱ्यात, ताई. मी डावखुरा आहे. काय? सेन्सरची दुसरी खूणही डाव्याच कोपऱ्यात होती? ऐकलंत ना सगळ्यांनी! ‘तरी तुकडा कापल्याशिवाय अहवाल बदलणार नाही,’ असं ताई म्हणतात. बरोबर आहे. मीही बदलला नसता. तुकडा वर आपल्याच प्रयोगशाळेत आहे. बजरंगराव, आता जा, पण दाराबाहेर नको, वर्कशॉपमध्ये. करवत आणा.

सर, माझ्याकडं असं बघू नका. राग धरा, तो तुमचा हक्क आहे. फक्त नोंदवहीतली ती ओळ आज खोडा.

मला बोलू दिल्याबद्दल आयोजकांचा आणि अध्यक्षांचा ऋणी आहे. बोलण्यात कुणाचा मानपान सुटला असेल, तर ते पदरात घ्या. त्या तुकड्यातला दोष मात्र पोटात घालू नका. कापून बघा.