अक्षरव्रताचे उद्यापन

"हॅलो?… हॅलो?… हो, काचीगुडाच… एकनाथराव वकिलांचंच घर… मीच बोलतोय, मुकुंदशास्त्री… कोण, सत्यवती? अगं, तू तालुक्याला कधी आलीस?… पोस्टातून बोलतेस?… थांब, थांब, हे यंत्र मी उलटं धरलंय वाटतं… हं. आता बोल."

शास्त्रीबुवांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता, देव्हाऱ्यातली मूर्ती स्नानासाठी उचलावी तसा. लिंबसावळीला बायांचा वर्ग चालवणाऱ्या पुतणीचा ट्रंककॉल येणार असल्याचा निरोप वकिलांकडून नल्लकुंट्याला त्यांच्या घरी पोहोचला, तेव्हा ते संध्या आटोपून नुकते उठले होते. तसेच निघाले. खांद्यावर नवे कोरे रेशीमकाठी उपरणे होते. लिंबसावळीच्या हिम्मतराव पाटलांनी आदल्याच आठवड्यात नारळासह धाडलेले.

"रडू नकोस. आधी हे सांग, वर्गातल्या बाया बऱ्या आहेत ना?… मग झालं तर!… काय गेलं?… पाट्या? किती पाट्या?… सगळ्या?… नदीत?… अगं, नदीत म्हणजे काय? आता कुठला पूर?… विसर्जन?"

ते खुर्चीवर टेकले.

"हळू सांग… त्यांनी स्वतः केलं?… पाट्यांना हळदकुंकू वाहिलं… पुस्तकं, पेन्सिली, सगळं परडीत घालून… हो… वाजतगाजत… हो, हो, ऐकतोय गं… आणि आता वर्गाला एक बाई येत नाही… 'आमचं व्रत पुरं झालं, ताई, आता काय शिकायचं' म्हणतात… असं म्हणतात?"

व्रत हे नाव शास्त्रीबुवांनीच दिलेले. निजामाच्या अमलात खासगी शाळा काढायची तर परवानगी लागे, आणि मराठी शाळेला ती मिळत नसे. त्यांनी शाळा काढलीच नाही, व्रत काढले. लिंबसावळीच्या वेशीबाहेरच्या वस्तीत देवीचे छोटे ठाणे आहे. तिथे शुक्रवारी कलश मांडायचा, समई लावायची, देवीचे पद म्हणायचे आणि त्या पदातली पाच अक्षरे गिरवल्याशिवाय उपास सोडायचा नाही. फौजदार यायचा, भजन ऐकायचा, गूळ-खोबरे खाऊन जायचा. बायांच्या नवऱ्यांनीही हरकत घेतली नाही. व्रताला कोण अडवणार? निजामशाही जाऊन दोन वर्षे झाली तरी व्रत व्रतच राहिले. शास्त्रीबुवांना ते निव्वळ सोंग कधी वाटलेच नव्हते. अक्षर म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते, असे ते त्या बायांना सांगत आणि सांगताना स्वतः हात जोडत.

"पण उद्यापन करा, हे त्यांच्या डोक्यात घातलं कुणी?… पाटलांनी?… त्यांना काय पडलंय?… आधी काय झालं होतं?… वर्गातल्या भामेनं?… चावडीसमोर? अगं, हे मला कळवलं नाहीस तू!… सरकारी कागद… हो, आता मराठीतच लावतात… 'वेठ बंद झाली आहे, फुकट राबवून घेणाऱ्यास शिक्षा होईल'… एकेक अक्षर लावून?… मोठ्यानं?… अख्ख्या गावादेखत! शाबास! शाबास गं बाई!… हो, हो… शाबासकीची वेळ नाही, कळतंय मला. पुढे सांग."

पुढचे ऐकताना त्यांची मान हळूहळू खाली गेली.

"रागावले नाहीत?… हसले?… 'बायांनो, तुमच्या व्रताला फळ आलं, आता उद्यापन माझ्या वाड्यावर'… पाटलीणबाईंनी पाय धुतले? वेशीबाहेरच्या बायांचे?… पाटावर बसवून… प्रत्येकीला लुगडं… मग काय गं, माझेही डोळे भरून आले असते… आणि विसर्जनाचं?… तेही पाटलांनीच सुचवलं… 'पुरं झालेलं व्रत घरात ठेवू नये'… हं… दुसऱ्या दिवशी?… त्याच अंगणात?… सडा घालायला, दाणे पाखडायला… मजुरी?… काही नाही… 'एवढी लुगडी नेलीत की' म्हणाले… शिव शिव."

निजामाच्या फौजदाराला जे उमगले नाही, ते हिम्मतरावांना उमगले होते. वर्ग मोडला असता तर बाया चवताळल्या असत्या. त्यांनी तो मोडला नाही. साग्रसंगीत पुरा केला.

"काय?… मुहूर्त?… खरंच मीच काढून दिला का, म्हणून विचारतेस…"

हिम्मतराव महिन्यापूर्वी तारनाक्याला व्याह्यांकडे आले होते. तिथून मुद्दाम नल्लकुंट्याला आले, जोडे रस्त्यावरच काढले, साष्टांग नमस्कार घातला. बायांच्या व्रताचे उद्यापन करायचे आहे, आपल्या मुखातली तिथी हवी, म्हणाले. पाटलासारखा माणूस वेशीबाहेरच्या बायांसाठी दारी येतो, यानेच शास्त्रीबुवा भारावले. विचारायचे ते त्यांनी काहीच विचारले नाही. पंचांग उघडले, बोटांवर गणित केले, पुन्हा ताडून पाहिले.

"मीच दिला, सत्यवती… हो, मीच… तुला त्यांनी माझं नाव सांगितलं होतं?… म्हणून तू अडवलं नाहीस… नाही गं, तुझा काय दोष?… हाँ जी, एक्सचेंज? हाँ हाँ, बात चालू है, काटो नक्को!… और तीन मिनट देव जी, मेहरबानी… सत्यवती, आहेस ना? तिथे दुसरं कोण आहे?… भामा आली आहे? मग दे तिला. दे, दे."

त्यांनी उपरण्याने कपाळ पुसले.

"भामाबाई?… ओरडू नकोस बाई, नीट ऐकू येतंय… मीच गं, शास्त्रीबुवा… असो, असो, देवी बरं करो. मला सांग, अक्षरं विसरलीस का?… नाही ना! मग हातात पाटी घ्यायला काय हरकत आहे?… नव्या पाट्या मी धाडतो… देवी कोपेल?… उजवलेलं व्रत पुन्हा धरलं तर पोराबाळांवर येतं… हे कुणी भरवलं तुमच्या मनात?… मी?… कधी?… हो… सांगितलं होतं खरं, कार्तिकातल्या कीर्तनात."

पलीकडून भामा बराच वेळ बोलत होती. शास्त्रीबुवा नुसते हुंकार देत होते.

"काय, काय? पुन्हा म्हण… मुहूर्त चुकला असेल तर उद्यापन लागू होत नाही… बरोबर आहे… शास्त्राला धरून आहे… मग व्रत चालूच राहतं, हो, पाटलांना बोलायला जागा उरत नाही… अगदी बरोबर बोललीस बाई… मग?… चुकला होता का, म्हणून विचारतेस…"

मुहूर्त चुकला नव्हता. तिथी शुद्ध होती, नक्षत्र शुद्ध होते.

"हे बघ, भामाबाई… फोनवर नको?… गावात येऊन सांगू?… देवीच्या ठाण्यापुढे, पाटलांसमोर… हो, ऐकतोय… 'बुवा, तुम्ही म्हणालात तरच बाया ऐकतील'… ते खरं गं. पण तू माझंही ऐक. माझ्या वडिलांपासून आमच्या घरची एक तिथी चुकलेली नाही. पंचक्रोशीतली लग्नं त्या तिथींवर लागलीत. हिम्मतरावांच्या लेकीचं लग्न माझ्याच… उद्या लोक म्हणतील, ही चुकली तर त्याही… नाही, नाही, तुमचं जिणं मोठं आहेच. मी कुठे नाही म्हणतो?… फुकट राबणं आहे, पोटाला मार आहे… कळतं गं मला… काय विचारलंस?"

त्यांनी रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला.

"'खोटं बोलायला घाबरता, का पाटलाला घाबरता'… असं विचारतेस?… थांब… जरा थांब, बाई. मला विचार करू दे."

समोरच्या भिंतीवर वकिलांचे घड्याळ टिकटिकत होते. पलीकडे भामा थांबली होती. तिचा श्वास तारेतून ऐकू येत होता. मग कुठेतरी खट् झाले आणि तो श्वास नाहीसा झाला.

"चुकला!… भामाबाई? चुकला मुहूर्त! मी सांगतो, माझीच चूक, मीच येतो सांगायला… ऐकलंस ना?… सत्यवती?… हॅलो?… भामा?"

कानात नुसती घरघर होती.

"हाँ जी?… हाँ, लाइन कट गयी… क्या बोलते?… फिर से मिलाऊँ?…"

शास्त्रीबुवांची नजर उपरण्याच्या काठावर गेली. रेशीम उत्तम होते.

"ठहरो जी… ठहरो…"

भामा पोस्टात उभी असेल. यंत्राकडे पाहत असेल.

"नक्को जी… रहने दो."

त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी जागेवर ठेवला, आणि सवयीने त्याला नमस्कार केला.