चार दिवसांच्या सह्या

हॅलो? …कोण, अक्का? …हाव, ऐकू येऊन राहिलं. हळू बोलते, अंगणवाडीच्या खोलीत हाय मी. बाहेर लिंबाखाली नायब तहसीलदार बसलेत… न्हाई गं, पोरांच्या खिचडीचं न्हाई. टँकरचं.

…अगं ऐक ना. आधी ऐक तरी.

गावात टँकर आला की रजिस्टरवर दोन बायांची सही लागते, पाणी मिळालं म्हणून… तुला उदगीरला नगरपालिकेचा नळ, तुला काय ठाव. तर हितं सही माझी, अन् अंगठा चांगुणाबाईचा… तीच, माझी मदतनीस. पोरांना घरून आणती ती.

मंगळवारपासून माझं निलंग्याला प्रशिक्षण होतं. चार दिवस. भुजंग, टँकरचा डायव्हर, सोमवारी म्हणला, ताई, तुमी न्हाई तर मी कुणाला हुडकत बसू? चारी दिवसांच्या आत्ताच करून द्या… हाव. दिल्या.

…माहीत हाय मला, येड्यावानी केलं. अकरा वर्सं झाली नोकरीला, कोऱ्या कागदावर कधी सही केली न्हाई. पण दोन महिने रोज येऊन राहिला त्यो माणूस. एक खेप चुकवली न्हाई. भरवसा बसतोच की गं.

मंगळवारी आला. बुधवारपासून पत्ता न्हाई… फोन बंद. कुणी म्हणतं टँकर मोडला, कुणी म्हणतं पाणी लग्नाला इकलं. देव जाणे.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं म्हणं, अन् हितं तीन दिवस घागरी पालथ्या. काल बाया विहिरीत उतरल्या, वाटी-वाटीनं गढूळ काढलं… गुरम्मा आजीनं तर दोन दिवस अन्न घेतलं न्हाई. लिंगपूजा झाल्याबिगर ती जेवती का? अन् पूजा गढुळानं कशी करावी? हे कळलं तशी मी प्रशिक्षण अर्धवट सोडून आज सकाळीच आले, निलंग्याहून आणलेली बाटली तिला नेऊन दिली. म्हातारी मला आशीर्वाद द्यायली. मला मान वर करवंना, अक्का.

…मग बायांनीच बोलावलं साहेबांना. त्यांनी रजिस्टर उघडलं अन् म्हणले, कागदावर तर रोज पाणी पडलंय. तक्रार खोटी. असंच असंल तर खेपच बंद करतो.

…काय म्हणू? सही खोटी हाय म्हणू? डायव्हरनं केली? …बरं, म्हणले. मी सुटले. अन् अंगठ्याचं काय? अंगठा कोण दुसऱ्याचा लावंल?

…ती कशाला इचारती. मी म्हणले, चांगुणाबाई, लाव, मी हाय ना. लावला. चार डाव. शाई पदराला पुसली अन् गेली पोरं आणायला.

…हाव, ह्यांचं दुकान बसलंय. हाव, पोरं शिकून राहिलीत. ठाव हाय सगळं. म्हणून तर अर्धा घंटा झाला, हितं दडून बसले. लई भ्या वाटून राहिलं गं. नोकरी गेली तर कुठं जाऊ?

…भावजी काय करतील? …उदगीर जिल्हा झाल्यावर तिकडं नोकरीला लावतील? अगं, त्यो होईल तवा होईल. साहेब आज बसलेत दारात.

थांब… थांब जरा. चांगुणाबाईला पुढं घेतलं त्यांनी. ऐकू दे.

…तू बोलू नको. तिला इचारून राहिले, अंगठा कुणी लावायला सांगितला.

…

अक्का… ती म्हणती, माझा मीच लावला. ताई तर निलंग्याला होती म्हणती. ताईला यातलं काही ठाव न्हाई म्हणती.

…हाव, सुटले की मी. तिनं सोडवलं. अन् खोटा अंगठा लावला म्हणून तिला ठाण्यात न्या म्हणायलेत. घरात नातू अन् ती, दोघंच हायत गं. तिला त्या कागदावर काय लिहिलंय तेबी वाचता येत न्हाई.

…न्हाई अक्का. गप न्हाई बसवत. …रडू नको. आईला इतक्यात सांगू नको, मी सांगंन माझी मी… अगं, दार उघडू दे मला, कडी जाम हाय ही…

चांगुणाबाई, गप. तू बोलू नको.

साहेब… सही माझी हाय, अन् अंगठाबी मीच लावायला सांगितला. पाणी आलं न्हाई. बुधवार, गुरवार, आज. तीन दिवस. माझ्या नावानं लिहून घ्या.

…ठेवते गं अक्का.