तेल वरनं येत हुतं

माझं म्हायेर माणातलं, दहिवडीच्या पल्याड, बापाची मेंढरं हुती, शाळा सातवीपतोर, आन लगीन करून आले ती हितं उंब्रजला. ट्रॅक्टर आमच्या मालकांचा, आमच्या थोरल्या लेकीपरास दोन वर्सांनी मोठा. लय वर्सं त्यांनीच चालवला, मग मणका सरकला, डॉक्टर म्हणलं आता शिटावर बसायचं न्हाई. मग कोण चालवणार? मी शिकले. आता आमची आन भावकीची नांगरट मीच करती, पर काय सांगू तुमाला, अजून बी ट्रॅक्टरचं काय असलं की लोकं मालकांकडंच बघत्यात.

औंदा पावसाळाभर शेडात उभा हुता. भाईर काढला आन दोनच दिसात खाली तेल. इंजनाच्या मागल्या अंगाला, जितं गिअरची पेटी जोडलीया तितनं, टिप टिप टिप. मिस्त्री आला, खाली वाकून बॅटरी मारली आन मालकांला म्हणतोय, मागलं सील गेलंय, ट्रॅक्टर मधनं फोडावा लागंल, इंजन आन पेटी येगळी करून, जुनं इंजन हाय, इकून टाका. मी म्हणलं, आवं मिस्त्री, वर बी वलं दिसतंय की, तितं बघा. मान बी वळवली न्हाई त्यानं. म्हणला, वैनी, च्या टाका. च्या टाका! रोज त्या शिटावर मी बसती, आवाज बदलला तर मला कळतंय, आन मी च्या टाकू?

आन आमचं मालक! ते म्हणलं, मिस्त्री म्हणतोय तर खरं असंल, गिऱ्हाईक बघू. माझं डोस्कंच फिरलं. म्हणलं, ट्रॅक्टर गेल्यावर मी काय करू, लोकांच्या उसात भांगलायला जाऊ? तर म्हणत्यात, गप, तुला त्यातलं काय कळतंय.

दुसऱ्या दिशी सकाळी डिझेल आन ब्रश घिऊन बसले. सगळं इंजन धुतलं, फडक्यानं पुसलं, उन्हात वाळू दिलं. मग माझा त्वांडाला लावायचा पावडरचा डबा घेतला आन मागनं सगळीकडं मारली, पांढरंफेक. चालू केलं आन बसले बघत. मागल्या सीलापाशी कोरडं ठणठणीत! तेलाची रेघ निघाली ती वरनं, माथ्यावरल्या झाकणाच्या पॅकिंगमधनं, आन तितनं वघळत खाली. पर पॅकिंग तर मागल्या सालीच घातल्यालं, ती का सोडतंय? इंजनाला आतली हवा सोडायला एक नळी असती, तिच्या त्वांडाला हात लावला, वाराच न्हाई. काढून बघती तर कुंभारीण माशीनं आत मातीचं घर बांधल्यालं, गच्च! हवा जाणार कुठनं? ती तेल ढकलत पॅकिंगमधनं भाईर पडली. तार घालून नळी साफ केली, नवं पॅकिंग बशिवलं. चार दिस नांगरट केली, एक थेंब न्हाई.

पाचव्या दिशी मिस्त्री गिऱ्हाईक घिऊन हजर. खाली वाकला, वर नवं पॅकिंग बघितलं, आन मालकांला म्हणतोय, मालक, डोकं लावलंसा की! आन आमचं मालक नुसतं हसलं. हसलं, आवं! हिनं केलंय, येवढं म्हणाया काय जीभ झडत हुती? मग मीच म्होरं झाले, म्हणलं, पावणं, ट्रॅक्टर इकायचा न्हाई, आन ह्यो मिस्त्री दावंल ती इंजन घिऊ बी नगासा.

दोन दिस मालकांशी बोलले न्हाई. आता इंजन जरा खाकरलं तर मलाच इचारत्यात, काय झालं गं म्हणून, पर घरात; चार लोकांत अजून न्हाई. आसू दे. त्यांचा मणका बरा ऱ्हाऊ दे, मिस्त्रीचं बी पोट चालू दे. पर तुमाला गाठ पडला तर सांगा त्याला, म्होरल्या येळंला मी बोलाय लागले की माझ्याकडं बघ म्हणावं.